डोंगरी डल्सिमर : त्याची ओळख व तारा जुळविण्याची रीत

तंबोरा ज्याने पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत विरळाच सापडेल. गवई गावयास बसला म्हणजे प्रथम तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून तारा जुळवीत राहतो, आणि सभेतील उतावीळ मंडळी मनात म्हणतात, "ह्याचे गाणे सुरू तरी केव्हा होणार?" जाणत्या श्रोत्याची वृत्ती मात्र निराळी असते. तारा नीट जुळल्या म्हणजे गाण्याचा पाया बसला हे त्यास ठाऊक असते, व म्हणून तो तितका वेळ संतोषाने बसून राहतो. प्रस्तुत लेखात ज्या वाद्याची ओळख करून द्यावयाची आहे ते आपल्या देशातील नाही. त्यास राजदरबारी कधी मान मिळाला नाही, व त्याचे जुने वादक बहुधा डोंगरातील गरीब शेतकरी होते. परंतु तारा जुळविणे म्हणजे काय, हे समजावून घेण्यास त्याच्याइतके सोपे व बोलके साधन क्वचितच मिळेल. ह्या वाद्यास डोंगरी डल्सिमर असे म्हणतात.

नावाविषयी थोडेसे

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'डल्सिमर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'गोड' ह्या अर्थाच्या व ग्रीक भाषेतील 'गीत' ह्या अर्थाच्या शब्दांपासून निघाला असे मानतात. म्हणजे 'गोड गाणारे' असा त्याचा भाव होतो. ह्या एकाच नावाची दोन अगदी भिन्न वाद्ये आहेत. पहिल्याची पेटी चौकोनी, पण एका बाजूस निमुळती असते. तिच्यावर पुष्कळ तारा ताणलेल्या असून त्या दोन लहान काठ्यांनी ठोकून वाजवितात. हे वाद्य इराणातील व काश्मीरातील संतूराच्या कुळातले होय. पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) ह्यांनी ज्या संतूराला आपल्या शास्त्रीय संगीताच्या बैठकीत स्थान मिळवून दिले, त्याचे हे पाश्चात्य भावंड म्हणता येईल.

दुसरे वाद्य ते आपले डोंगरी डल्सिमर. त्यास तीन किंवा चारच तारा असतात व त्या ठोकीत नाहीत, छेडतात. ह्या दोहोंत नावापलीकडे फारसे साम्य नाही. इ. स. १६११ साली जे बायबलाचे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर झाले, त्यात दानीएलाच्या पुस्तकाच्या ३ ऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजाच्या सोन्याच्या पुतळ्यापुढे वाजणाऱ्या वाद्यांच्या यादीत 'डल्सिमर' हा शब्द घातलेला आढळतो. मात्र मूळ अरामी शब्दाचा अर्थ तसा नसावा, तो पिशवी फुगवून वाजविण्याच्या एखाद्या वाद्याचा वाचक असावा, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. तेव्हा डोंगरी डल्सिमर बाबेलात वाजत होते अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

जन्मभूमी व पूर्वज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची पर्वतांची लांबच लांब रांग आहे. पृथ्वीवरील अतिशय जुन्या पर्वतांत तिची गणना होते. केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी, उत्तर कॅरोलिना इत्यादी संस्थानांचे डोंगराळ भाग हिच्यातच मोडतात. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड व इंग्लंड येथून आलेली पुष्कळ कुटुंबे ह्या खोऱ्यांत येऊन राहिली. त्यांच्याजवळ धन नव्हते, पण पूर्वजांची कथागीते त्यांच्या ओठांवर होती. त्याच काळात जर्मन भाषा बोलणारे लोक पेनसिल्व्हेनिया प्रांतात वसाहत करून राहिले, व तेथून खाली दक्षिणेकडे व्हर्जिनियाच्या खोऱ्यात पसरले. त्यांच्याबरोबर 'शाइटहोल्ट' नावाचे एक साधे तंतुवाद्य आले. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर थोड्या तारा व कडेच्या तारेखाली पडदे, एवढेच त्याचे स्वरूप होते. जर्मन संगीतशास्त्रज्ञ मिखाएल प्रेटोरिउस ह्याने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे, व ते करताना त्याची गणना हलक्यासलक्या वाद्यांत केली आहे. नॉर्वेतील लांगेलाइक, स्वीडनमधील हुमेल व फ्रान्सच्या व्होज पर्वतातील एपिनेत ही ह्याच कुळातील होत.

ह्या जर्मन वाद्यापासून, एकोणिसाव्या शतकात, डोंगरातील सुतारांच्या हातून डल्सिमर घडत गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पेटी जर्मनांची व गाणी ब्रिटिश बेटांतील, असा हा संयोग झाला. दोन परक्या लोकांनी शेजारधर्म पाळला म्हणजे कधी कधी असे एखादे तिसरेच रत्न निपजते.

वाद्याची रचना

डल्सिमर सुमारे ३ फूट लांबीचे असते. त्याचा आकार पुष्कळदा वाळूच्या घड्याळासारखा, म्हणजे मध्ये बारीक व दोहीकडे फुगीर, किंवा पाण्याच्या थेंबासारखा असतो. पेटीकरिता अक्रोड, चेरी, पॉप्लर अशी त्या डोंगरात सहज मिळणारी लाकडे वापरीत. वरच्या फळीस नाद बाहेर पडण्याकरिता छिद्रे असतात. ती पुष्कळदा बदामाच्या आकाराची कोरलेली असतात. वरच्या फळीच्या मध्यावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक उंच लाकडी पट्टी बसविलेली असते. तिच्यावर सतारीप्रमाणे धातूचे पडदे असतात. सतारीचे पडदे सरकविता येतात. हे मात्र पट्टीत ठोकून कायमचे बसविलेले असतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

पट्टीच्या डाव्या टोकास एक हाडाची किंवा लाकडाची बारीक आड असते व उजव्या टोकास घोडी असते. ह्या दोहोंमधील तारेचा भागच काय तो वाजतो; त्याची लांबी साधारणतः २७ ते २८ इंच असते. वादकाच्या अगदी जवळची तार ती गाण्याची तार. मधली तार व पलीकडची जाड तार ह्या सतत नाद देण्याकरिता असतात. चौथी तार असल्यास ती बहुधा गाण्याच्या तारेची जोडतार असते.

वाजविण्याची रीत

वादक खुर्चीवर बसून वाद्य मांडीवर आडवे ठेवतो. डाव्या हातात बांबूची किंवा लाकडाची बोटभर लांबीची कांडी असते. ती गाण्याच्या तारेवर दाबून, एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे सरकवीत तो चाल वाजवितो. उजव्या हातात पूर्वी हंसाच्या किंवा टर्कीच्या पिसाचा दांडा असे. त्याने तिन्ही तारा एकदम छेडावयाच्या. कांडी केवळ एकाच तारेवर फिरते, म्हणून उरलेल्या दोन तारा गाणे चालू असेपर्यंत आपला एकच सूर धरून राहतात. आमच्या तंबोऱ्याचे कार्य व ह्या दोन तारांचे कार्य एकच. भेद इतकाच, की येथे तंबोरा व गाणे ही दोन्ही एकाच पेटीत नांदतात.

तारेची लांबी व स्वर

आता थोडे शास्त्र पाहू. तारेचा स्वर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिची जाडी किंवा वजन. फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन ह्याने १६३६ साली हे नियम प्रसिद्ध केले. तारेची लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. लांबी दोन तृतीयांश ठेवली की पंचम, व तीन चतुर्थांश ठेवली की मध्यम मिळतो.

समजा, तारेचा वाजणारा भाग २७ इंच आहे व मोकळ्या तारेस आपण षड्ज मानले. मग घोडीपासून २४ इंचांवर ऋषभ, २१.६ इंचांवर शुद्ध गांधार, २०.२५ इंचांवर मध्यम, १८ इंचांवर पंचम, १६.२ इंचांवर शुद्ध धैवत, सुमारे १५.२ इंचांवर कोमल निषाद, आणि १३.५ इंचांवर तार षड्ज येईल. डल्सिमराचे पहिले सात पडदे साधारण ह्याच जागी असतात. जुने कारागीर पुष्कळदा कानाने ऐकून पडदे बसवीत. आजचे कारागीर सप्तकाचे बारा समान भाग करण्याच्या पद्धतीने बसवितात, त्यामुळे वरील आकड्यांत किंचित फरक पडतो. परंतु क्रम तोच राहतो.

वरील यादीत एक गोष्ट चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात आली असेल. येथे शुद्ध निषाद नाही, कोमल आहे. पेटीवर जसे पांढऱ्या व काळ्या मिळून सप्तकात बारा स्वर असतात, तसे ह्या वाद्यावर नाहीत, सातच आहेत. ज्या स्वरांचे पडदेच नाहीत ते वाजावयाचे कसे? असे वाद्य अपुरे नव्हे काय? ह्या शंकेचे उत्तर खुंट्यांत आहे.

तारा जुळविण्याच्या चार रीती

पडदे हलत नाहीत हे खरे, पण षड्ज कोणत्या पडद्यावर मानावयाचा हे आपल्या हाती आहे. सात पायऱ्यांचा एक जिना कल्पावा. त्यातील काही पायऱ्या उंच व काही ठेंगण्या आहेत. पहिल्या पायरीपासून मोजू लागलो तर उंच-ठेंगण्यांचा एक क्रम मिळतो, तिसरीपासून मोजल्यास दुसरा. जिना तोच, परंतु आरंभ बदलला की चढणीचा अनुभव बदलतो. आपल्या प्राचीन ग्रंथांत मूर्च्छना म्हणून जी कल्पना आहे तिचे मूळ तत्त्व हेच. तथापि आरंभाचा पडदा बदलला तर साथीच्या दोन तारांशी त्याचा मेळ राहिला पाहिजे. म्हणून साथीच्या तारा षड्ज व पंचम अशा कायम ठेवून गाण्याची तार तेवढी चढवितात किंवा उतरवितात.

डल्सिमराकरिता पेटीची पांढरी दोन हा स्वर षड्ज धरण्याचा प्रघात आहे. पाश्चात्य लोक त्यास 'डी' म्हणतात. जाड तार खालच्या सप्तकातील पांढरी दोनला लावावयाची. तिची कंपने सेकंदास सुमारे १४७ होतात. मधली तार तिच्या पंचमास, म्हणजे पांढरी सहाला. तिची कंपने २२०. ह्या दोन तारा खालील चारही रीतींत बदलत नाहीत.

(१) षड्ज, पंचम, पंचम : गाण्याची तार मधल्या तारेच्या अगदी बरोबरीने पंचमास लावावी. आता मोकळी तार पंचम, पहिला पडदा धैवत, दुसरा शुद्ध निषाद व तिसरा पडदा षड्ज होतो. तिसऱ्यापासून दहाव्या पडद्यापर्यंत सर्व शुद्ध स्वरांचे सप्तक मिळते. आपण त्यास बिलावल थाट म्हणतो. डोंगरात ही रीत फार रूढ होती.

(२) षड्ज, पंचम, षड्ज : गाण्याची तार जाड तारेच्या वरच्या सप्तकातील षड्जास लावावी. आता मोकळ्या तारेपासूनच सप्तक सुरू होते, व त्यात निषाद कोमल येतो. हे खमाज थाटाचे स्वर झाले.

(३) षड्ज, पंचम, कोमल निषाद : गाण्याची तार दुसऱ्या रीतीपेक्षा एक पूर्ण स्वर उतरवून कोमल निषादास लावावी. षड्ज पहिल्या पडद्यावर येतो. तेथून वर चढत गेल्यास गांधार, धैवत व निषाद हे तिन्ही कोमल मिळतात. म्हणजे आसावरी थाट. दुःखाची व विरहाची गाणी ह्या रीतीत फार खुलतात.

(४) षड्ज, पंचम, मध्यम : गाण्याची तार पहिल्या रीतीपेक्षा एक स्वर उतरवून मध्यमास लावावी. षड्ज चौथ्या पडद्यावर येतो, व तेथून गांधार आणि निषाद कोमल मिळतात. हा काफी थाट.

ह्याच न्यायाने पाचव्या पडद्यावर षड्ज आणल्यास भैरवीचे व सहाव्यावर आणल्यास कल्याणाचे स्वर मिळतील. पण डोंगरातील गाण्यांस त्यांची गरज क्वचितच पडे. आमच्या मुंबई शहरी जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी जे दहा थाट सांगितले आहेत, त्यांपैकी सहा थाटांचे स्वर ह्या सात ठोकलेल्या पडद्यांवर केवळ एक खुंटी पिळून मिळतात. भैरव, पूर्वी, मारवा व तोडी हे चार मात्र मिळत नाहीत, कारण त्यांच्या पायऱ्यांची उंची ह्या जिन्यात बसत नाही. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. थाट म्हणजे राग नव्हे. स्वर तेच असले तरी केंटकीतील कथागीत व आपला राग काफी ह्यांची चाल, वळणे व रस ही भिन्नच राहणार. साम्य आहे ते शिडीचे. तिच्यावर चढणारे पाय निरनिराळे आहेत.

प्रत्यक्ष जुळविताना

प्रथम जाड तार पेटीवरून लावावी. पेटी जवळ नसल्यास आपल्या गळ्यास सोसेल असा कोणताही षड्ज धरण्यास हरकत नाही. तारांचे परस्परांतील नाते बरोबर असले म्हणजे झाले. नंतर जाड तार चौथ्या पडद्यावर दाबावी. तेथे पंचम मिळतो. त्यास मधली तार मिळवावी. पहिल्या रीतीकरिता गाण्याची तार मधल्या तारेस मिळवावी. दुसऱ्या रीतीकरिता मधली तार तिसऱ्या पडद्यावर दाबून जो षड्ज येतो त्यास मिळवावी. तिसऱ्या रीतीकरिता जाड तार सहाव्या पडद्यावर दाबावी, व चौथ्या रीतीकरिता तिसऱ्या पडद्यावर. पुष्कळ जुन्या वाद्यांत केवळ गाण्याच्या तारेखालीच पडदे असत. तेथे अशी सोय नसल्यामुळे सगळा भरवसा कानावरच ठेवावा लागे.

दोन तारा एका स्वरास मिळाल्या हे कसे ओळखावे? त्या एकदम छेडाव्या. किंचित अंतर असेल तर नाद डोलू लागतो, कमी-जास्त होतो. एक तार २२० व दुसरी २२२ कंपने करीत असेल, तर सेकंदास दोन हेलकावे ऐकू येतील. खुंटी हळूहळू पिळावी. हेलकावे मंदावत जातात आणि तारा मिळाल्या की अजिबात थांबतात. ह्या परीक्षेस गवयाचाच कान लागतो असे नाही; लक्ष देऊन ऐकणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी ती करू शकेल.

खुंटी नेहमी खालून वर चढवीत स्वरास आणावी. तार जास्त चढली तर ती स्वराच्या खाली उतरवून पुनः चढवावी. नाही तर खुंटीजवळ राहिलेला ढिलेपणा थोड्या वेळाने तारेत उतरतो व ती बेसूर होते. लाकडी खुंटी घसरत असल्यास आपल्याकडे करतात त्याप्रमाणे थोडा खडू लावावा. तसेच पहिल्या रीतीतून दुसरीत जाताना फार जपले पाहिजे. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंचमापासून वरच्या षड्जापर्यंत कंपने ३ ची ४ होतात; म्हणून ताण ९ चा १६ करावा लागतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट! तार जाड असेल तर ती तुटावयाचीच. ह्याकरिता गाण्याची तार इंचाच्या सुमारे १२ सहस्रांश इतकी बारीक घेतात, आणि पिळताना तोंड वाद्यापासून दूर ठेवतात.

वाद्य टिकले कसे

अशा ह्या वाद्याचा मागमूस राहिला नसता तरी नवल नव्हते. ते बाजारात विकत मिळत नसे. ज्याच्या हाताला सुतारकाम येई तो ते करी. केंटकीतील नॉट परगण्यात जेम्स एडवर्ड टॉमस (१८५०–१९३३) नावाचे एक कारागीर होऊन गेले. त्यांनी १८७१ पासून पुढे आयुष्यभरात सुमारे १,५०० डल्सिमरे घडविली व स्वतः गावोगाव हिंडून विकली. त्यांच्यापासून जेथ्रो अ‍ॅम्बर्गी (१८९५–१९७१) ही विद्या शिकले, व त्यांनी हिंडमन येथील शाळेत मुलांस सुतारकाम शिकविले. ही शाळा १९०२ साली मे स्टोन व कॅथरिन पेटिट ह्या दोन विदुषींनी त्या दुर्गम भागात स्थापन केली होती.

१९१६ ते १९१८ ह्या काळात सेसिल शार्प हे इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलिस ह्यांच्यासह ह्या डोंगरांतून पायपीट करीत हिंडले, आणि इंग्लंडात विसरल्या गेलेल्या कित्येक कथागीतांच्या चाली त्यांनी येथे उतरून घेतल्या. बाहेरच्या शिकलेल्या लोकांनी आस्थेने विचारपूस केली, तेव्हा डोंगरातील पुष्कळांस प्रथमच वाटले की आपले जुने गाणे लाजण्याजोगे नाही. मात्र ह्या आस्थेलाही एक दुसरी बाजू आहे. डेव्हिड व्हिस्नंट ह्या अभ्यासकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे, की अशा शाळा चालविणाऱ्यांनी डोंगरी संस्कृतीतील आपणांस रुचेल तेवढेच निवडून घेतले. डल्सिमर व कथागीते त्यांस आवडली. परंतु आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी अमेरिकेस दिलेला बँजो, जो त्या घरांतून तितकाच प्रिय होता, त्याची तशी कदर झाली नाही. परक्याचा ठेवा जपावयास निघालेल्या माणसाने, आणि आम्ही शिक्षकांनी तर विशेषच, ही गोष्ट मनात बाळगण्यासारखी आहे.

डल्सिमराचे नाव जगभर नेण्याचे श्रेय मुख्यत्वे जीन रिची (१९२२–२०१५) ह्या बाईंस आहे. त्या केंटकीतील व्हायपर नावाच्या खेड्यात जन्मल्या; चौदा भावंडांत सर्वांत धाकट्या. त्यांच्या वडिलांजवळ एक डल्सिमर असे, व त्यास हात लावण्याची मुलांना सक्त मनाई होती. चार-पाच वर्षांच्या जीनने ते चोरून वाजविण्यास आरंभ केला. पुढे वडील जेव्हा तिला शिकवावयास बसले, तेव्हा मुलीस आधीच वाजविता येते असे पाहून ते चकित झाले. ही जन्मतःच वादक आहे असे त्यांस वाटले. ह्यावरून वडिलांची आज्ञा मोडावी असा बोध विद्यार्थ्यांनी घेऊ नये. परंतु घरातील वाद्य कपाटावर ठेवून देण्यापेक्षा मुलांच्या हाती दिलेले बरे, असा बोध पालकांनी अवश्य घ्यावा. जीनबाई १९४६ साली केंटकी विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या व न्यूयॉर्क शहरी गरीब वस्तीतील मुलांत काम करू लागल्या. तेथे त्या डल्सिमर घेऊन गात. १९६३ साली त्यांनी ह्या वाद्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ज्यांनी डोंगर कधी पाहिले नव्हते असे हजारो तरुण ते वाजवू लागले. २००१ साली केंटकी संस्थानाने डल्सिमरास आपले अधिकृत वाद्य म्हणून मान्यता दिली.

प्रसाराबरोबर बदलही झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहाव्या व सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा बसविण्याची चाल पडली. त्यास 'साडेसहावा' म्हणतात. त्यामुळे दुसऱ्या रीतीतच शुद्ध निषादही मिळू लागला, आणि एकदा तार लावली की खमाज व बिलावल दोन्ही वाजविता येऊ लागले. आज बहुतेक वादक ह्याच रीतीने तारा लावतात. सोय झाली ह्यात संशय नाही. तथापि जुन्या परंपरेचे अभिमानी म्हणतात, की गाणे बदलले म्हणजे थांबावे, खुंटी पिळावी, नव्या नात्याने तारा ऐकाव्या, ह्यात जे शिक्षण होते ते आता नाहीसे होत चालले आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पेटी आपल्याकडे आली तेव्हाही असाच वाद माजला होता, हे वडीलधाऱ्या वाचकांनी ऐकले असेलच.

ह्या विषयाची गोडी ज्यास लागली असेल त्याने पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जाऊन स्वरमापक पेटी, जिला सोनोमीटर म्हणतात, ती शिक्षकांच्या परवानगीने घ्यावी. तिच्यावरील तारेचा २७ इंचांचा भाग मोजून घ्यावा, आणि वर दिलेल्या अंतरांवर सरकती घोडी ठेवून एकेक स्वर ऐकावा. मग तिसऱ्या खुणेस षड्ज मानून तेथून वर मोजू लागावे. ह्याकरिता सातव्या खुणेपुढील जागा लागतील. त्या प्रत्येकाने स्वतःच गणिताने काढाव्या. आधीच्या सात अंतरांची निमपट केली म्हणजे त्या मिळतात. ज्या तारेवर आताच कोमल निषादाचे सप्तक वाजत होते, तिच्यावरच बिलावलाचे शुद्ध स्वर वाजू लागतील. कानास एखादा स्वर किंचित उतरलेला अगर चढलेला वाटला तर तोही टिपून ठेवावा. ठोकलेल्या पडद्यांची मर्यादा त्यातच कळेल.

तंबोरा असो, एकतारी असो की डल्सिमर असो, कोणत्याही तारेस एकटीने सुरेल किंवा बेसूर म्हणता येत नाही. शेजारच्या तारेशी तिचे नाते कसे आहे त्यावर ते ठरते. डोंगरातील त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या लोकांस हे उत्तम कळत होते, आणि सात पडद्यांच्या तुटपुंज्या साधनावर त्यांनी आपली सुखदुःखे गाइली. पुढच्या खेपेस एखाद्या बैठकीत गवई तारा जुळवू लागेल तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी चुळबुळ न करता ते हेलकावे मंदावताना व थांबताना ऐकावे, म्हणजे हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे वाटेल.